दावतीनंतरचा रोजा

रविवारी मगरिबची अजान होते आणि उचगावातल्या घरांमध्ये खजुराचं ताट फिरू लागतं. रमजानमधला रविवारचा इफ्तार इतर दिवसांसारखा नसतो. पुण्या-मुंबईहून पाहुणे आलेले असतात, शेजारच्या घरातले मित्र आवर्जून बोलावलेले असतात. कलिंगड, भजी, समोसे, गुलाबी सरबत इथून सुरुवात होते. तरावीहची नमाज आटोपून मंडळी परतली की बिर्याणी येते, आणि जिल्हा कोल्हापूर असल्यामुळे तांबडा-पांढराही येतो. शेवटी फिरनी. अंथरुणाला पाठ टेकायला बारा वाजून जातात आणि साडेचारला पुन्हा सहरीची हाक येते.

खरी परीक्षा सोमवारी असते. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला कामगार असो किंवा गांधीनगरच्या कापड दुकानात दिवसभर उभा राहणारा विक्रेता, सकाळी दहा-अकरालाच पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. काल एवढं जेवून आज इतकी भूक कशी, हे कोडं त्याला सुटत नाही. आपलाच इरादा कच्चा, असं समजून तो मनातल्या मनात ओशाळतो.

हे कोडं फक्त रोजेदारांचं नाही. आठवडाभर मोजून खाणारे आणि रविवारी 'चीट डे' म्हणून मटणावर ताव मारणारे लोक आता प्रत्येक गल्लीत आहेत. सोमवारी त्यांचीही हीच अवस्था होते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. उपवास कोणत्याही धर्माचा असो, पोटाचं शास्त्र एकच असतं.

त्या शास्त्रातला पहिला धागा झोपेचा आहे. भूक जागवणारं 'घ्रेलिन' हे संप्रेरक जपानी संशोधकांनी 1999 मध्ये शोधलं. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं 'लेप्टिन' त्याआधी, 1994 मध्ये सापडलं होतं. शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. सलग दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर, दहा तास झोपू दिलेल्या रात्रींच्या तुलनेत या तरुणांचं घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त आणि लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आढळलं. भूकही 24 टक्क्यांनी वाढली होती. बारानंतर झोपून साडेचारला उठणारा माणूस नेमका याच हिशेबात बसतो. सोमवारच्या भुकेत रविवारच्या बिर्याणीइतकाच रविवारच्या जागरणाचा वाटा असतो.

दुसरा धागा साखरेचा. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या हजाराहून अधिक लोकांच्या रक्तातली साखर दिवसरात्र मोजणारा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त खाली उतरते, त्यांना भूक लवकर लागते आणि दिवसभरात ते जास्त खातात, असं त्यात दिसलं. दावतीनंतरच्या पहाटे बहुतेक घरांत काय होतं? चूल पेटवायचा कंटाळा येतो. उरलेली फिरनी, चहा आणि दोन बिस्किटं यांवर सहरी उरकते. अशी सहरी झरकन चढते आणि झरकन उतरते. त्यात रश्श्यातल्या मिठाने तहान वाढवलेली असते, त्यामुळे रोजा आणखी जड वाटतो.

तिसरी गोष्ट वजनकाट्याची. सोमवारी सकाळी काटा किलो-दीड किलो जास्त दाखवतो आणि डाएटवाल्यांच्या काळजात धस्स होतं. पण एका रात्रीत एवढी चरबी साठत नाही. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात मिठामुळे अडलेलं पाणी आणि पोटात अजून पचत असलेलं अन्न यांची भर पडते. नेहमीचं जेवण सुरू झालं की दोन-चार दिवसांत काटा पूर्वपदावर येतो.

खरं नुकसान दावतीने होत नाही, दावतीनंतर माणूस स्वतःला जी शिक्षा करून घेतो तिने होतं. काल फार झालं म्हणून रोजेदार सहरी टाळतो, तर डाएटवाला सोमवारी फक्त काकडीवर राहायचं ठरवतो. संध्याकाळ होईपर्यंत भूक अशी साचते की इफ्तारला हात थांबत नाही. मग मंगळवारी पुन्हा पश्चात्ताप आणि पुन्हा शिक्षा. एका दिवसाचं जास्त खाणं असं आठवडाभर पुरतं.

इस्लामची शिकवण याच्या उलट आहे. सहरीत बरकत आहे, ती सोडू नये, असं पैगंबरांनी सांगितलं आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, हीही त्यांचीच शिकवण. कुरआनात खाण्यापिण्याला मोकळीक आहे, 'इसराफ'ला नाही. इसराफ म्हणजे उधळपट्टी, मर्यादा ओलांडणं. जास्त खाणं जसं मर्यादेबाहेरचं, तसं शरीराला विनाकारण छळणंही मर्यादेबाहेरचंच. रोजा नफ्सला, म्हणजे मनातल्या हव्यासाला, वळण लावण्यासाठी असतो. देहावर सूड उगवण्यासाठी तो नसतो.

मग सोमवार कसा काढायचा? उत्तर साधं आहे, नेहमीच्या ताटाकडे परत जायचं. पहाटे ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ, एखादं अंडं, वाटीभर दही. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ पोटात जास्त वेळ टिकतात. इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडं थोडं पीत राहावं. शेवटच्या पाच मिनिटांत तांब्या रिकामा करून ती भरपाई होत नाही. संध्याकाळी खजूर आणि पाण्याने रोजा सोडून आधी मगरिबची नमाज पढावी आणि मग ताटावर बसावं. या जुन्या रिवाजामुळे पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. तळलेलं एखाद-दुसरंच घ्यावं आणि त्या रात्री तरावीहनंतर थेट झोपावं.

दुपारच्या भुकेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घ्रेलिन लाटेसारखं असतं. रोजच्या जेवणाच्या वेळी ते चढतं आणि खाल्लं नाही तरी काही वेळाने आपोआप उतरतं. एकची भूक तीनला तेवढी राहत नाही. जुनेजाणते रोजेदार ज्याला सब्र म्हणतात, त्याला शरीराचीही अशी साथ असते.

मधुमेहींसाठी मात्र हा सब्राचा विषय नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोजे धरण्याआधी डॉक्टरांकडून डोस आणि वेळा ठरवून घ्याव्यात. दावतीच्या रात्री साखर चढण्याचा आणि दुसऱ्या दुपारी ती घसरण्याचा धोका त्यांना जास्त असतो. घाम, थरथर, गरगरणं जाणवलं तर लगेच तपासणी करावी. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. आजाऱ्याला धर्माने सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, आणि आजार कायमचा असेल तर गरिबाला जेवू घालण्याचा मार्ग आहे. ही सवलत घेणं हा कमकुवतपणा नाही.

अजून काही रविवार आहेत, मग ईद आणि शीरखुर्मा आहेच. उचगावात दावती होतील, शेजारीपाजारी येतील, आणि त्या व्हायलाच हव्यात. पाहुण्याला वाढलेला घास कॅलरीत मोजायचा नसतो. दुसऱ्या पहाटे चूल मात्र पेटलेली हवी. ताटात भाकरी असावी, बाजूला दही असावं आणि काल रात्री किती खाल्लं याचा हिशेब कुणी मागू नये.