विश्लेषण : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला घरच्यांकडून काय हवे असते?

रुग्णाला काय जाणवते?
आजूबाजूला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटते. इतरांसाठी तो भास, रुग्णासाठी मात्र खराखुरा अनुभव. ‘असे काही नाही’ म्हणून वाद घातला, की तो आणखी एकटा पडतो. ‘तुला भीती वाटते, हे समजते’ एवढ्यानेही धीर येतो.

हे ‘बाहेरचे’ असते का?
नाही. हा मेंदूचा आजार आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी झटले, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा आहे.

बरे वाटल्यावर गोळ्या बंद कराव्यात का?
स्वतःहून नको, अनेकांचा आजार तिथेच उलटतो. सुस्ती येत असेल, वजन वाढत असेल तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा गोळी बदलता येते.

रुग्णाचे म्हणणे कोण ऐकणार?
२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, पुढे आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे सज्ञान व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते.

मदत कुठे मिळेल?
साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात आणि सांगली, मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत चौकशी करावी. फोनवर बोलायचे असल्यास टेलिमानस : १४४१६, मोफत, २४ तास.