माळवद पाडायचं की सावरायचं?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरलं, तसं सोलापूरही हललं. घरं पडली आणि बोल लागला दगडाला. खरा दोष बांधणीचा. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराच्या, जाड भिंतीला दोन पदर असतात, मधे दगडमातीची भर. हादऱ्याने पदर सुटतात, भिंत फुगते आणि मातीचं जड छत खाली येतं.

पुनर्वसनात ५२ गावं नव्याने बांधली गेली. पण लाखाहून अधिक घरं जागीच मजबूत केली. उपाय साधे: दोन्ही पदर शिवणारे आरपार दगड, दारं-खिडक्यांवरून चौफेर काँक्रीटचा पट्टा, छतावरची माती कमी. भिंत ओळंब्यात असेल तर सावरा. पोट सुटलं असेल तर तेवढीच उतरवा आणि तेच दगड नीट सांधून पुन्हा रचा.