डॅशकॅमची निवड आणि सुधारणा
मोटारीच्या पुढच्या काचेवर बसून समोरच्या रस्त्याचे अखंड चित्रण करणारा डॅशकॅम अपघातानंतरच्या वादात महत्त्वाचा पुरावा ठरू शकतो. म्हणूनच त्याची निवड केवळ किमतीवरून करू नये. चित्राचा बारकावा ठरवणारे रिझोल्युशन किमान १९२० बाय १०८० पिक्सेल असावे; मात्र रात्री पुढील वाहनाची नंबरप्लेट वाचता येईल की नाही, हे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या दर्जावरही अवलंबून असते. विदर्भातील उन्हाळ्यात बंद मोटार भट्टीसारखी तापते आणि अशा उष्णतेत लिथियम बॅटरी फुगण्याचा धोका असतो, त्यामुळे अल्पकाळ वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरवर चालणारे उपकरण अधिक टिकाऊ ठरते.

मेमरी कार्ड भरले, की सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे साठवण्याच्या पद्धतीला लूप रेकॉर्डिंग म्हणतात, तर जोराचा धक्का ओळखून त्या क्षणाची फाइल पुसली जाण्यापासून वाचवणारा घटक म्हणजे जी-सेन्सर. या सततच्या पुनर्लेखनाने साधे कार्ड लवकर निकामी होते. त्यामुळे जुन्या उपकरणाची पहिली सुधारणा म्हणजे वारंवार पुनर्लेखन सहन करणारे हाय एन्ड्युरन्स प्रकारचे कार्ड होय. उभ्या मोटारीवर लक्ष ठेवायचे असल्यास फ्यूजबॉक्समधून जोडणी घ्यावी लागते. त्या वेळी मोटारीच्या बॅटरीचा विद्युतदाब घटताच वीजपुरवठा तोडणारी सोय असणे अत्यावश्यक आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डॅशकॅमच्या चित्रणासारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. हे मूळ चित्रण लूप रेकॉर्डिंगमध्ये पुसले जाऊ नये म्हणून अपघातानंतर वाहनधारकांनी मूळ कार्ड तत्काळ काढून सुरक्षित ठेवावे.