‘छेल्लो भाव बोलो!’

घर घेण्याबद्दल सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. कर्ज कुठून काढावं, कितव्या मजल्यावर घ्यावं, बिल्डरला काय विचारावं, सगळं सांगतात. घर विकण्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. बडोद्यातल्या बहुतेक मराठी कुटुंबांत हा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो, आणि तोही आईवडिलांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर. आमच्या पिढीवर आता ती वेळ आली आहे. कोणी रावपुऱ्यातलं जुनं घर काढतंय, तर कोणी ऐंशीच्या दशकात घेतलेला, लिफ्ट नसलेला फ्लॅट.

आम्ही गेल्या हिवाळ्यात कारेलीबागेतला आमचा फ्लॅट विकला. इमारत १९८८ची, फ्लॅट तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. बाबा गेल्यानंतर आईचं खाली उतरणं हळूहळू बंदच झालं होतं, म्हणून वासणा-भायलीकडे लिफ्टवाल्या इमारतीत घर पाहिलं. त्याचा शेवटचा हप्ता ३१ जानेवारीला भरायचा होता आणि तो जुन्या घराच्या पैशातूनच जाणार होता. त्यामुळे ‘पटलं तर विकू, नाहीतर राहू दे’ असं म्हणायची सोय नव्हती. दिवाळीनंतर पाच आठवड्यांत नऊ कुटुंबं घर पाहून गेली. त्यांतल्या एकाशी व्यवहार झाला, पण मागण्या नऊही जणांच्या ऐकल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या धंद्यात पहिली दोन वर्षं एकच गोष्ट शिकण्यात जातात : ग्राहक जे मागतो ते आणि त्याला जे हवं असतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. घर विकताना मला या शिकवणीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. हटवादी वाटणाऱ्या प्रत्येक मागणीमागे एक तर भीती असते, किंवा घासाघीस, किंवा आपल्या डोक्यावरचा धोका तुमच्या डोक्यावर सरकवण्याचा प्रयत्न. भीतीला कागद दाखवावा, घासाघिशीला आकडा सांगावा आणि तिसऱ्या प्रकाराला सरळ नाही म्हणावं. हे तीन एकमेकांत मिसळले की भांडणं होतात.

भीतीला कागद

फ्लॅट बाबांच्या नावावर होता आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अशा वेळी आई, बहीण आणि मी असे तिघंही सारखे वारस. खरेदीदाराच्या वकिलांनी पेढीनामा मागितला आणि वर सांगितलं, ‘बहिणीचं हक्कसोडपत्र करून द्या, नाहीतर तिला दस्तावेजावर सही करायला प्रत्यक्ष आणा.’ आईला ते फार लागलं. “माझ्या मुलीवर संशय घेतात का हे लोक?” म्हणाली. पण वकिलाला माझी बहीण माहीत नाही, त्याला फक्त वारसाहक्काचा कायदा माहीत आहे. उद्या एखाद्या वारसाने हक्क सांगितला तर वीस वर्षांचं कर्ज काढून बसलेला माणूस अडकेल, ही त्याची भीती. बहीण नाशिकहून सहीला येते म्हणाली, आणि विषय संपला.

असे बरेच प्रश्न एका फाइलने मिटतात. आम्ही घर दाखवायला काढण्याआधीच ती तयार केली : मूळ दस्तावेज, इंडेक्स-२, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बाकी काही नसल्याचा दाखला, बीयू परवानगी, वेरा भरल्याच्या पावत्या, लाइट आणि गॅसची शेवटची बिलं, बाबांचा मृत्यूचा दाखला आणि पेढीनामा. शहराच्या काही भागांना अशांत धारा लागू आहे. तिथे विक्रीआधी कलेक्टर कचेरीची परवानगी लागते, तेव्हा तुमचं घर त्यात येतं का, हे आधीच पाहून ठेवा. परवानगीला लागणारा वेळ खरेदीदाराला शेवटी कळला, तर तो तुमच्यावरच संशय घेतो.

दुसरा कागद ओलीचा. शेवटच्या मजल्यावर असल्यामुळे पावसाळ्यात मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सांगतो, की खरेदीदाराला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगितला पाहिजे. हिवाळ्यात ओल दिसत नाही, तरी आम्ही ती प्रत्येकाला दाखवली आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने लिहून दिलेला ५५ हजारांचा अंदाजही पुढे ठेवला. दोघं जण तिथूनच परत गेले. पण जे थांबले त्यांच्याशी ओलीवरून वाद झाला नाही. दोष आपण सांगितला की त्याची किंमत ५५ हजार असते. त्यांनी शोधून काढला तर ती तीन लाख होते.

घासाघिशीला आकडा

‘छेल्लो भाव बोलो’ हे वाक्य दारातून आत येण्याआधी ऐकायची तयारी ठेवा. एका गृहस्थांनी तर ते जिन्यातच विचारलं, अजून घर पाहायचं होतं. यात अपमान मानण्यासारखं काही नाही, बडोद्यात भाजीचाही छेल्लो भाव विचारतात. आम्ही ३६ लाख सांगत होतो आणि ३४च्या खाली जायचं नाही, हे तिघांनी मिळून आधीच ठरवलं होतं. आकडा घरात पक्का असला की बाहेर आवाज चढत नाही.

घासाघिशीत आम्ही दोन नियम पाळले. पहिला, बोलणारा माणूस एकच. खरेदीदार दुपारी आईला फोन करायचे, “मासी, तुम्हीच सांगा ना मुलाला.” आईने एक वाक्य पाठ केलं होतं : “भावाचं सगळं मुलगा बघतो, चहा प्यायचा असेल तर या.” दुसरा नियम, काहीही फुकट सोडायचं नाही. आमचे खरेदीदार ठरलेल्या ३४ लाखांवर अजून तीस-पस्तीस हजार कमी करा म्हणून अडून बसले. तेव्हा मी त्यांना आठवण करून दिली, की गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे, पण घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ होते. म्हणजे ३४ लाखांवर ३४ हजार वाचले. त्यांनी दस्तावेज पत्नीच्या नावावर करायचं ठरवलं. त्यांना हवे तेवढे पैसे मिळाले आणि आमच्या खिशातून काही गेलं नाही.

सामानाची यादीही आधी करा. पंखे, गिझर, कपाटं राहणार. पितळी कड्यांचा हिंडोळा आमच्याबरोबर जाणार. त्यांच्या सासूबाईंनी हिंडोळा तीनदा मागितला, तिसऱ्यांदा तर त्यावर बसून मागितला. यादी बानाखताला जोडलेली होती, त्यामुळे आईला कोणाला वाईट बोलावं लागलं नाही.

तिसऱ्या प्रकाराला नाही

एका खरेदीदाराने ३५ लाख कबूल केले, पण कागदावर २२च दाखवायचे आणि उरलेले १३ रोख. ‘बधा आमज करे छे’ म्हणाला. सगळे तसंच करतात. आता हिशेब बघा. १३ लाखांवर ४.९ टक्क्यांनी त्याचे साधारण ६४ हजार वाचणार, तेही कागदावरची रक्कम जंत्रीच्या खाली गेली नाही तरच, कारण शुल्क निदान जंत्रीवर तरी भरावंच लागतं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला २०१५पासून मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, घेतली तेवढ्याच रकमेचा. म्हणजे त्याचे ६४ हजार वाचवायला माझ्या आईने १३ लाखांचा धोका घ्यायचा! शिवाय कर्ज काढणाऱ्यालाही ते परवडत नाही. २२ लाखांच्या कागदावर बँक जास्तीत जास्त ९० टक्के देणार, म्हणजे १९ लाख ८० हजार. आम्ही चहा दिला आणि नाही म्हणालो. एक लाख कमी देणारा, पण सगळे बँकेतून देणारा माणूस आम्हाला महाग वाटला नाही.

याच जातीची दुसरी मागणी फार साधी दिसते : ‘किल्ली द्या ना, फक्त सुतारकाम सुरू करतो.’ पूर्ण पैसे हातात येईपर्यंत किल्ली देऊ नका. लेखी करार करून ताबाही दिला की त्या ताब्याला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. मग पैसे अडले तर आपल्याच घरात सुतार बसलेले आणि आपण बाहेर. मापं घ्यायला सुताराला दोन रविवार बोलावलं, आई समोर बसून होती. तेवढं पुरे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापणारच, त्यावरून भांडू नका. आणि विकणाऱ्यांपैकी भाऊ-बहीण कोणी परदेशात राहत असेल तर त्याच्या हिश्श्यावर टीडीएस बराच जास्त कापला जातो. कमी दराने कापण्याचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून आधी मिळवता येतो. सीएला हे पहिल्याच दिवशी विचारा.

घर बघायला येणारे आणि आई

सगळ्यात अवघड भाग पैशाचा नव्हता. लोक आईच्या समोरच ‘हे किचन तोडावं लागेल’, ‘देवघर चुकीच्या दिशेला आहे’ असं बोलायचे. छत्तीस वर्षं ज्या ओट्यावर तिने स्वयंपाक केला तो ओटा ‘आउटडेटेड’ आहे, हे तिने चहा देता देता ऐकलं. मी म्हटलं, रविवारी तू मावशीकडे जात जा. तिने ऐकलं नाही. “माझं घर मीच दाखवणार.” आणि खरंच, तिने माझ्यापेक्षा चांगलं दाखवलं. नळाला पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात वारा कुठल्या खिडकीतून येतो, उत्तरायणाला अगाशीवर किती गर्दी होते, सगळं खरं खरं सांगायची. आम्ही फक्त वेळ बांधून घेतली, रविवारी दहा ते बारा. वास्तुवाले, सासरवाले, सुतार, सगळे त्यातच. तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळी कोणी नाही.

वेळ मागणारा माणूस

व्यवहार ठरला तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. लगेच पुढची मागणी आली : कमुरतां संपेपर्यंत काही करायचं नाही, बानाखतसुद्धा उत्तरायणानंतर. तसं झालं असतं तर वकिलाचा शोध, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि बँकेचं काम जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू झालं असतं आणि आमचा ३१ जानेवारीचा हप्ता चुकला असता. श्रद्धेशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, मुहूर्त नक्की कशाला हवा? म्हणाले, सहीला. मग बानाखत आणि बाना १२ डिसेंबरला, कमुरतां लागण्याआधी. वकिलाचं आणि बँकेचं काम महिनाभर चालू, त्याला मुहूर्त लागत नाही. दस्तावेज २२ जानेवारीला.

१८ जानेवारीला त्यांचा फोन आला. ‘दीड लाख कमी करा, नाहीतर जमणार नाही.’ ताईचं तिकीट काढलेलं, नव्या घराचा हप्ता डोक्यावर. फोन आपटावासा वाटला. पण विचारलं, काय झालं ते सांगा. बँकेचं पत्र त्यांनी पाठवलं. इमारत जुनी म्हणून कर्ज त्यांच्या अपेक्षेपेक्षा दीड लाखाने कमी मंजूर झालं होतं. म्हणजे ही घासाघीस नव्हती, खरंच पैसे कमी पडत होते. मी म्हटलं, भाव बदलणार नाही, तारीख बदलू. किती दिवसांत जमवाल? त्यांनी पीएफमधून काढायचे ठरवले आणि आठवडा मागितला. दस्तावेज २९ जानेवारीला झाला. ताईने तिकीट बदललं, त्याचे साडेचारशे रुपये खरेदीदारांनी न मागता दिले.

तुमच्यावर ही वेळ येईल तेव्हा ताव येईल असा एखादा फोन तुम्हालाही येईल. त्या क्षणी हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. ‘लिहून पाठवा, संध्याकाळी सांगतो’ एवढंच म्हणा. मग घरातल्या सगळ्यांना बसवा आणि एकच प्रश्न विचारा : या माणसाला भीती वाटतेय, पैसे वाचवायचेत, की आपला धोका तो आपल्या आईच्या गळ्यात टाकतोय? उत्तर तिघांचं मिळून एक आलं की मग फोन करा.