भडक ती विषारी, हे कोणी सांगितलं?

पाऊस लागला की रानातली अळंबी खाऊन अख्खं घर इस्पितळात, ही बातमी ठरलेली. तिच्या मागोमाग मोबाइलवर फिरणारा सल्लाही ठरलेला: भडक रंगाची टाळा, पांढरी खुशाल खा. हा सल्ला अळंबीइतकाच जीवघेणा आहे.

जगात सर्वाधिक बळी घेणारी ‘डेथ कॅप’ फिकट हिरवट, दिसायला अगदी सोज्वळ. तिचीच सख्खी भावकी असलेली केशरी ‘सीझर’ अळंबी मात्र रोमन काळापासून युरोपात चवीने खाल्ली जाते. गवतात उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही पांढरी छत्री तर आणखी फसवी. कोवळेपणी तिच्या छत्रीखालची पातीही पांढरीच असतात. बीजाणू पिकले की ती हिरवट होतात. कोवळी खुडणाऱ्याला तो हिरवा रंग दिसणार कुठून?

मग हे रंग असतात कशासाठी? फुलासारखं कीटकांना बोलवायची गरज बहुतेक अळंब्यांना नाही, बीजाणू वाऱ्यावर जातात. कॅनडातले टॉम शेरॅट आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या जाती तपासून 2005 मध्ये निष्कर्ष मांडला, की विषारी जाती खाण्याजोग्यांपेक्षा जास्त रंगीत नसतात. त्यांच्यात ठळक वास असण्याचं प्रमाण मात्र जास्त निघालं. मला हे मनोमन पटतं. अळंबी खाणारे कितीतरी प्राणी रात्री चरतात. अंधारात लाल काय नि करडा काय! (म्हणून कोणी हुंगून निवड करायला जाऊ नये.)

हवामानाचा धागा जास्त भक्कम वाटतो. युरोपातल्या 3,000हून अधिक जातींच्या 2019 मधल्या अभ्यासात थंड प्रदेशातल्या अळंब्या गडद आढळल्या. काळपट छत्री ऊन शोषते आणि गारठ्यात तेवढीच ऊब मिळते.

काही रंग तर निव्वळ रसायनाची करामत. काही बोलेटस अळंब्या चिरल्या की पिवळसर गर डोळ्यांदेखत निळा पडतो. आतलं पिवळं रसायन हवेतल्या ऑक्सिजनशी भिडतं, बस. निळ्या पडणाऱ्यांत खाण्याजोग्या आहेत, विषारीही आहेत.

आपल्या कोकण-गोव्यातली वारुळावरची अळंबी रंगाने पांढरट, करडी, तपकिरी कशीही असते. तिची खूण वेगळीच: देठ मुळासारखा खोल, थेट वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत गेलेला, आणि छत्रीच्या मध्यावर कडक टोक. वरची घट्ट माती फोडायला तेच लागतं.