वऱ्हाडांतील वास्तु : अवकाश, आकृति व प्रयोजन

वऱ्हाडांतील जुन्या इमारतींविषयीं जें लिहिलें जातें, तें बहुतांशीं त्यांचे कर्ते व काळ यांविषयीं असतें. शिलालेख वाचावा, शक किंवा हिजरी सन ठरवावा, राजवंशाशीं त्याची सांगड घालावी आणि इमारतीचा निरोप घ्यावा, अशी आपली रीत पडली आहे. ही रीत टाकाऊ नव्हे. तिच्यावांचून इतिहासाची सांखळी जुळत नाहीं. परंतु जी इमारत त्या लेखाला धारण करून उभी आहे, ती स्वतःहि एक लेखच आहे. आणि तो वाचण्याची संवय आपण लावून घेतलेली नाहीं. हा दुसरा लेख कसा वाचावा, एवढेंच अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील उदाहरणांनीं दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणें या धातूपासून आला आहे. शब्दाच्या मुळाशीं भिंत नाहीं, राहणें आहे. आणि मनुष्य राहतो तो भिंतींत नव्हे, तर भिंतींमधील मोकळ्या जागेंत. वेदान्तांत घटाकाश व मठाकाश यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. आकाश एकच, घट किंवा मठ या उपाधीमुळें तें निराळें भासतें. वेदान्त्याला ही उपाधि मिथ्या ठरवावयाची असते. स्थपति मात्र त्या उपाधीलाच आकार देतो. मूर्तिकार दगड घडवितो, स्थपति दगडांमधील पोकळी घडवितो, असें म्हटल्यास चालेल. आपल्या देवळांत गर्भगृह व मंडप यांना जोडणाऱ्या भागास ‘अंतराळ’ म्हणतात. भागाचें नांवच ‘मधली जागा’ असें आहे. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस यानें इमारतीच्या ठायीं दृढता, उपयोग व सौंदर्य हे तीन गुण मागितले. तिन्ही गुण एकाच रचनेंत उतरतात तेव्हांच ती कला होते.

प्रथम देवळें पाहूं. काळ्या दगडाचें, चुन्यावांचून रचलेलें जुनें देऊळ दिसलें कीं आपण त्यास ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतों. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ इ. स. १२६० नंतरचा. परंतु अकोला जिल्ह्यांतील बार्शीटाकळी येथील देवीच्या मंदिरांतील शिलालेख शके १०९८ म्हणजे इ. स. ११७६ चा आहे. मंत्र्याच्या पूर्वीं सुमारें एक शतक ही पद्धति वऱ्हाडांत रूढ होती, हें यावरून उघड आहे. मग तिचें खरें कारण कोणतें? तें दगडांतच शोधलें पाहिजे. काळा दगड दाब उत्तम सोसतो. पण आडवी तुळई करून वर भार घातला तर लांबी वाढतांच मोडतो. म्हणून खांब जवळजवळ येतात. चौकाच्या चारी कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवून उघडी जागा लहान करीत न्यावयाची, आणि शेवटीं एका शिळेनें ती झांकावयाची, अशी या छतांची युक्ति आहे. मंडप खुला, अंतराळ अरुंद आणि गर्भगृह काळोखें, हा क्रम भक्ताला पायरीपायरीनें बाह्य जगापासून आंत नेतो. दगडाची जी मर्यादा, तिचाच स्थपतीनें उपयोग केला. दर्यापूर तालुक्यांतील लासूर येथील आनंदेश्वराच्या देवळांत तीन गर्भगृहें एकाच मंडपांत उघडतात, आणि मंडपाच्या मध्यावर छत नसून आकाश आहे. तेथें प्रकाश हाच त्या मंडपाचा मध्यस्तंभ होय.

आतां नरनाळ्याकडे वळूं. सातपुड्यांतील या किल्ल्याचा महाकाली दरवाजा हिजरी ८९२ म्हणजे इ. स. १४८७ चा आहे. पांढऱ्या वालुकाश्माचा हा दरवाजा कमळांनीं व अक्षरांच्या पट्ट्यांनीं नटलेला आहे. दोन्ही अंगांस पुढें आलेले जाळीदार सज्जे आहेत. कमान आल्याबरोबर तुळईचा प्रश्न मिटला. कारण कमानींतील प्रत्येक दगड शेजारच्यास दाबून धरतो आणि उघडी जागा रुंद होऊं शकते. दरवाजा अडविण्यासाठीं असतो, तसा सत्कारासाठींहि असतो. ह्या दोन्ही कामांची सांगड त्या जाळ्यांनीं घातली आहे. आंतील माणूस बाहेर पाहतो, बाहेरच्याला तो दिसत नाहीं, आणि वारा मात्र खेळता राहतो.

अचलपुराजवळील हौद कटोरा याहून निराळा. वाटोळ्या तळ्याच्या मध्यभागीं अष्टकोनी मनोरा, त्याचे तीन मजले उभे आहेत. वर आणखी दोन मजले होते व त्यांचे दगड दुसऱ्या बांधकामासाठीं नेले, असें सांगतात. अष्टकोन ही चौरस व वर्तुळ यांमधील आकृति होय. तिला पुढची व मागची बाजू नाहीं. भोंवतीं सर्वत्र पाणी असतां हीच आकृति योग्य, कारण कोणत्याहि दिशेचा वारा तेथें पाण्यावरून येतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा ज्यास अनुभव आहे, त्यास याहून अधिक सांगणें नको.

शेवटचें उदाहरण अमरावतीच्या परकोटाचें. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या सरकारानें इ. स. १८०७ मध्यें तो बांधावयास घेतला. परीघ सुमारें सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट, पांच दरवाजे व चार खिडक्या. दरवाजे मोठ्या रहदारीसाठीं, खिडक्या पायीं जाणाऱ्यासाठीं. हा सारा नगराचा व्यवहारच दगडांत आंखलेला आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं कोट ही गरज, कला नव्हे. आमचें उत्तर असें, कीं गरज कोठें कोठें भागते, पण ती कशी भागविली यांतच कला असते. शिलालेखाचा ठसा घेतला म्हणजे लेख पुढें नाहींसा झाला तरी वाचतां येतो. दोन खांबांमधील अंतर मात्र मोजून ठेविलें नसेल, तर इमारतीबरोबर तेंहि जातें, आणि पडलेले दगड जमविले तरी पोकळी परत मिळत नाहीं. यासाठीं आमची सूचना अशी, कीं यापुढें या पत्रांत वऱ्हाडांतील कोणत्याहि इमारतीचा लेख प्रसिद्ध होईल त्याबरोबर तिचा मापांसह आराखडा, उंचीचा छेद आणि प्रकाश व वारा येण्याच्या दिशा अवश्य द्याव्या. काम दोरी, माप व चिकाटी यांचें आहे. गांवोगांवच्या शिक्षकांस व विद्यार्थ्यांस तें सहज साधण्याजोगें आहे.