डुकरांसाठी ‘आटोमॅटिक’ बंदूक?

सांगोल्याच्या माळावर मका दाणे धरू लागला की राखणीच्या माचाणावर एक बोलणं हमखास निघतं : चांगली आटोमॅटिक बारा बोअर घ्यावी, डुकरांचा कळप आला की धडाधड चार बार काढावेत. एका रात्रीत उभं पीक लोळलेलं ज्यानं पाहिलंय, त्याचा संताप मला पटतो. म्हणूनच पैसे मोजण्याआधी काही गोष्टी स्वच्छ सांगायला हव्यात.

लायसन निघालं की कोणतीही बंदूक घेता येते, हे खरं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानं पीकरक्षणासाठी आधी ठासणीची बंदूक धरली आहे. तिनं भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची. माचाणावर जिला आटोमॅटिक म्हणतात ती अर्धस्वयंचलित बंदूक 2016 च्या शस्त्र नियमांत निर्बंधित गटात येते. एकनळी-दुनळीसारखा तिचा परवाना जिल्हाधिकारी कचेरीतून निघत नाही. आपल्याकडे ती दिसते ती मुख्यतः मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्या खेळाडूंच्या हातात.

‘रान माझं, बंदूक माझी, मग डुक्कर मारायला परवानगी कशाला?’ तर बंदुकीचा परवाना शिकारीचा नसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुकरासाठीही वन खात्याची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात 2015 पासून ती देण्याचे अधिकार वनक्षेत्रपालांना आहेत. काळवीट आणि चिंकारा तर याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. पीक खाल्लं या कारणावरून त्यांना मारता येत नाही. मारलं तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार दंड. नुकसान झालं की ताबडतोब वन खात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, भरपाईची वाट तीच आहे.

आणि बारा बोअर म्हणजे बारा गोळ्या नव्हेत. नळीत नेमके बसतील असे शिशाचे 12 गोल गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून ते नाव.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मात्र ‘बार झाला, बंदूक रिकामी’ या समजुतीची. एकनळीच्या बाबतीत ते खरं. अर्धस्वयंचलित बंदुकीत बाराच्या वायूनं किंवा धक्क्यानं खटका (बोल्ट) आपोआप मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नळीखालच्या साठ्यातलं पुढचं जागेवर बसतं. चाप सोडायच्या आतच बंदूक पुन्हा भरलेली असते! ती हातात देता-घेताना तोंड मोकळ्या दिशेला धरून साठा रिकामा करायचा, खटका उघडायचा आणि नळीतल्या काडतुसाच्या घरात काही उरलं नाही ना, हे डोळ्यांनी पाहून बोटानंही चाचपायचं. सेफ्टी लावली म्हणून हे टाळायचं नाही. बहुतेक बंदुकींत ती फक्त चाप अडवते.

नव्या बंदुकीला कारखान्यातलं जाड ग्रीस असतं. ते पुसून हलकं तेल लावल्याशिवाय ती नीट चालत नाही. तेलाचा हात सैल सोडला तर काजळी धरते. सुरुवातीला हलक्या काडतुसांनी खटका पुरता मागे जात नाही, तो बिघाड असेलच असं नाही.

काडतुसाची लांबी बार झाल्यावर, तोंड उलगडल्यावर मोजतात. त्यामुळे 70 मिलिमीटरचं न उडवलेलं काडतूस आजोबांच्या 65 मिलिमीटरच्या जुन्या दुनळीत सहज बसतं आणि उडवलं की आतला दाब धोक्याच्या पलीकडे जातो. घरात अशी बंदूक असेल तर नळीवरचा आकडा परवानाधारक कारागिराकडून आधी तपासून घ्या.